कृष्णाकाठाहून सावित्रीकाठी

सहासष्ट वर्षांच्या मनुष्याने सायकलीवर बसून सह्याद्री ओलांडावा, ही गोष्ट आमच्या घरी प्रथम कोणासही रुचली नाही. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ज्या वयात काशीला जायचं त्या वयात तुम्ही पोलादपूरला निघालात!" आमच्या सौभाग्यवतीने काहीच म्हटले नाही, आणि तीन पिढ्या एका छपराखाली नांदणाऱ्या घरात न बोलणे हेच सर्वांत मोठे बोलणे असते, हे वाचकांस सांगावयास नको. माझी बाजू घेणारा एकटा धाकटा नातू. परंतु तो आठ वर्षांचा, तेव्हा त्याच्या मतास वजन ते किती! अखेर पुतण्याने मध्यस्थी केली. तो स्वतः बरोबर येणार, सामानाचा टेंपो मागून चालणार, मंडळींत एक डॉक्टरीणबाईही आहेत, इतकी हमी मिळाल्यावर माझी सुटका झाली, आणि वहिनींनी दशम्या व गुळपापडी बांधून दिली.

आमचा बेत असा होता. वाई कृष्णेच्या काठी. ही कृष्णा जेथे उगम पावते तेथेच सावित्रीचाही उगम आहे. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे झरे शेजारी शेजारी दाखवितात. एका आईच्या या मुली, पण सासरे किती दूर! कृष्णा पूर्वेस वळते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेच्या कड्यावरून खाली उतरते आणि शंभरएक किलोमीटरांतच बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्र गाठते. एकीच्या काठाहून निघावे, दोघींचे माहेर ओलांडून दुसरीच्या काठी रात्र काढावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या माहेरावरून स्वगृही यावे, असे ठरले.

कानाला हा बेत गोड वाटतो. आकडे मांडले म्हणजे त्याचे खरे स्वरूप कळते. वाईहून पाचगणी सुमारे १२ किलोमीटर, तेथून महाबळेश्वर १९, आणि महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपूर सुमारे ४०. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, आणि पोलादपूर अगदीच तळाशी. म्हणजे जाताना पसरणीचा घाट चढून आंबेनळी उतरावयाचा, आणि परतताना सुमारे तेराशे मीटरांची चढण एका दिवसात पायांनी फेडावयाची. शेकडा तीन-साडेतीनचा चढ कागदावर किरकोळ दिसतो. परंतु सायकलीवर बसलेल्या मनुष्यास चाळीस किलोमीटरपर्यंत दुसरा विषय सुचत नाही.

मंडळी अकरा. बँकेतले दोन कारकून, उपरोक्त डॉक्टरीणबाई, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघी मुली, शेतीभाती पाहणारे तिघे तरुण, माझा पुतण्या, मी, आणि या सर्वांचा मेळ घालणारा आमचा म्होरक्या. गावात त्याचे सायकलींचे दुकान आहे. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मला रोज व्यायाम करावयास सांगितले, म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्या दुकानाची पायरी चढलो, तेव्हा त्याने उठून मला वाकून नमस्कार केला. "सर, मी तुमचा विद्यार्थी." मी "हो, हो, आठवतोस ना!" असे म्हणालो, ते खरे नव्हते. तीस वर्षे मास्तरकी केलेल्यास हुशार मुले आठवतात आणि व्रात्यही आठवतात. मागच्या बाकावर मुकाट्याने बसलेली आठवत नाहीत.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे, झुंजुमुंजू होता होता, आम्ही गणपतीच्या घाटावर जमलो. ढोल्या गणपतीस नमस्कार झाला. कृष्णेचे पाणी मी डोळ्यांना लावले. मग म्होरक्याने नियम सांगितले. रस्त्याच्या डाव्या अंगाने एकामागे एक चालावे. पुढच्यास खड्डा दिसला तर त्याने हात खाली करून मागच्यास दाखवावा, मागून गाडी आली तर मागच्याने ओरडून पुढे कळवावे. घाटात ज्याचा त्याने आपला वेग धरावा, पण ठरलेल्या वळणावर पुढच्यांनी थांबावे आणि शेवटचा मनुष्य येऊन त्याचा दम परत आल्यावाचून कोणीही हलू नये. "आणि सगळ्यांत शेवटी मी असेन," तो म्हणाला. "माझ्या मागे कोणी राहायचं नाही." म्होरक्या पिछाडीस कसा, हे मला तेव्हा उमगले नाही.

गावाबाहेर पडताच पसरणी लागते. शाहीर साबळे यांचा १९२३ साली जन्म झाला तो याच गावी. त्यांचा खडा आवाज आठवीत मी घाटाच्या पहिल्या वळणाला सामोरा गेलो, आणि चौथ्या वळणापाशी माझ्याजवळ आवाजच उरला नाही.

येथे गिअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. माझ्या लहानपणी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या बावीस इंची सायकलीस तो नव्हता. चढ आला की खाली उतरून ढकलावे, हाच गिअर. आताच्या सायकलीस पुढे व मागे लहानमोठ्या दातेरी चकत्या असतात. पुढे लहान व मागे मोठी चकती घेतली, म्हणजे पाय भराभर फिरतात, चाक मात्र थोडेच फिरते. त्यामुळे श्रम कमी होतात असा माझा समज होता. तो चूक. डोंगर जितका उंच तितके ओझे वर न्यावेच लागते. गिअर त्या ओझ्याचे लहान लहान तुकडे करून देतो इतकेच. एका घासात जे गिळवत नाही ते शंभर घासांत गिळता येते. मात्र त्यास वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याची मनाची तयारी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

घाटाच्या वरच्या अंगास धोमच्या धरणाचे पाणी खाली चकाकताना दिसू लागले. ज्या नदीचे पाणी तासापूर्वी डोळ्यांना लावले तीच ही, असे मनाला पटेना. दोन ठिकाणी सर्व मंडळी माझ्यासाठी थांबली होती. मला संकोच वाटला. त्यांस वाटलेला दिसला नाही.

पाचगणी ते महाबळेश्वर हा रस्ता डोंगराच्या माथ्यावरून खालीवर होत जातो. दोन्ही बाजूंस स्ट्रॉबेरीची शेते, मधून मधून हिरडा, जांभूळ, अंजन यांची दाट झाडी. येथे संगतीने सायकल चालविण्यातले एक मर्म कळले. सपाटीवर सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. पुढच्याच्या अगदी पाठीशी राहिले म्हणजे वारा तो अंगावर घेतो आणि मागच्याचे श्रम पुष्कळ वाचतात. म्हणून पुढे राहण्याची पाळी सर्वांनी आळीपाळीने घ्यावयाची. घाटात मात्र या युक्तीचा उपयोग नाही. तेथे वेगच इतका मंद, की वाऱ्याचा प्रश्नच येत नाही. ज्याचे वजन त्यानेच वर न्यावयाचे. मग चढणीवर संगतीचा उपयोग काय? हा प्रश्न मी स्वतःशी केला, आणि उत्तर न सापडताच वेण्णा तलावावरून महाबळेश्वरात शिरलो.

दुपारी आंबेनळी उतरू लागलो. इंग्रजी अमदानीत यास फिट्झजेराल्ड घाट म्हणत. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास जावळीची ती निबिड दरी. हा घाट लेचापेचा नव्हे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस येथून दरीत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरास एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हा रस्ता जागोजाग खचून कित्येक दिवस बंद होता. म्होरक्याने सर्वांस थांबवून बजावले: "ब्रेक सारखा दाबून धरू नका, चाकाची कड तापते. एकदा पुढचा, एकदा मागचा, असा दाबा नि सोडा. आणि कोणीही कोणाच्या पुढे जायचं नाही."

आता मी माझी चूक सांगतो. सकाळपासून मी सर्वांच्या मागे होतो. चढावर ज्याची फजिती झाली तो उतारावर ती भरून काढावयास उतावळा होतो. पहिली चार-पाच वळणे मी नियमाने चाललो. नंतर वाऱ्याचा तो झोत तोंडावर येऊ लागला, वय गळून पडले, आणि मी दोन कारकुनांस व पुतण्यास ओलांडून पुढे निघालो. मागून कोणी हाक मारली. ती मी ऐकली, परंतु मानली नाही. वेग भयंकर वाढला तेव्हा घाबरून मागचा ब्रेक जो आवळला तो सोडलाच नाही. एका वळणावर बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. मागच्या चाकाची ट्यूब फुटली होती. सायकल वेडीवाकडी घसरली, आणि मी कड्याच्या बाजूच्या गटारात पडलो. वळण दुसऱ्या बाजूचे असते तर हा लेख लिहावयास मी उरलो नसतो.

गुडघा चांगलाच खरचटला होता. डॉक्टरीणबाईंनी तो धुऊन बांधला. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या वर्गात कोणी इतका स्पष्ट नियम मोडला असता, तर त्यास उभे करून चार मुलांत मी काय काय बोललो असतो, ते मला ठाऊक आहे. म्होरक्या काहीच बोलला नाही. त्याने चाक काढले, कड थंड होऊ दिली, नवी ट्यूब घातली, हवा भरली आणि चाक फिरवून पाहिले. मग म्हणाला, "सर, आता तुम्ही माझ्या पुढे आणि मी शेवटी. उतारावरसुद्धा."

पोलादपुरास एका खानावळीच्या माडीवर मुक्काम केला. तांदळाची भाकरी आणि कुळथाचे पिठले पोटभर जेवलो. पलीकडे सावित्रीचे पात्र अंधारात नुसते ऐकू येत होते. मुले झोपली, मला गुडघ्याने झोप येईना. म्होरक्या उद्याच्यासाठी साखळ्यांना तेल देत बसला होता. मी त्याला विचारले, "खरं सांग, तू कोणत्या सालचा? मला आठवत नाहीस रे."

तो हसला. "कसा आठवणार? आठवीत दिवाळीपर्यंतच होतो मी तुमच्या संस्कृतला. नंतर तुम्ही मला तो विषय सोडायला सांगितलंत. मला 'देव' शब्द चालवता येत नव्हता. मी म्हटलं, सर, आणखी थोडे दिवस द्या. तुम्ही म्हणालात, 'वर्ग तुझ्यासाठी थांबायचा नाही.'"

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पावसाची गोष्ट सांगावी तशी त्याने ती सांगितली. पण हे वाक्य माझेच, याविषयी मला क्षणभरही शंका आली नाही. ते मी त्या एकालाच म्हटले होते असेही नाही. परीक्षा जवळ, अभ्यासक्रम मोठा, शाळेचा निकाल वर राहिला पाहिजे. कारणे सर्व खरी होती. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. संस्कृत जे काही आले ते वाईच्या एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या पायांशी बसून आले, आणि त्यांनी एक एक सूत्र मजकडून चाळीस चाळीस वेळा म्हणून घेतले होते. तेही मला त्या रात्री आठवले.

पहाटे साडेपाचला निघालो. रस्ता प्रथम सावित्रीच्या खोऱ्यातून जातो. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात. उन्हे वर आली तशी चढण उभी होत गेली आणि गुडघा बोलू लागला. तरुण मंडळी एकेक करून वळणाआड दिसेनाशी झाली. मागे टेंपोची घरघर ऐकू येत होती. त्या आवाजात केवढा मोह आहे, हे चढणीवरचाच मनुष्य जाणे. हात वर करावा, की सायकल टेंपोत आणि आपण गादीवर!

म्होरक्या माझ्या मागून जरा बाजूस आला. "सर, ते हळूहळू डोंगर ओलांडण्याचं सुभाषित होतं ना? तुम्ही पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं. ते मला पुरतं कधी आलंच नाही. आता सांगा."

ते सुभाषित मी तीस वर्षे प्रत्येक वर्गाकडून पाठ करून घेतले आहे. मी पहिला चरण म्हटला. त्याने म्हटला, चुकला. मी पुन्हा म्हटला. श्वास पुरेना, तेव्हा पाय आपोआप मंदावले. मंदावले तेव्हा श्वास पुरू लागला. दोन-तीन वळणे अशी गेली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की छाती आता धडधडत नाही. त्यास विचारले, तर म्हणाला, "ज्या वेगात बोलता येत नाही, तो आपला वेग नव्हे. कालही पसरणीला सांगणार होतो, पण तुम्ही ऐकलं नसतंत." हे अगदी खरे होते.

प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत पहिला चरण त्यास पक्का आला होता आणि दुसरा निम्मा. तेथे सर्व मंडळी थांबलेली. चहा झाला. गड पाहता पाहता मी मुलींना सांगितले, की १६५९ साली अफझलखान आमच्या वाईहूनच निघाला होता, आणि पार गावी उतरताना तो ज्या घाटाने आला त्याचे नाव रडतोंडीचा घाट. एक मुलगी माझ्या तोंडाकडे पाहून हसू दाबू लागली. मी म्हटले, "हस, बाळ, नाव कसं पडलं ते मला आज कळलं."

पुढची वीस-बावीस किलोमीटरे मात्र हसण्यासारखी नव्हती. ऊन डोक्यावर आले. गुडघा लाकडासारखा झाला. निम्म्या वाटेत मी खाली उतरलो, एका दगडावर बसलो आणि म्हटले, "बस्स. मला टेंपोत घाल. त्यात काही लाज नाही." तो म्हणाला, "मुळीच नाही. घालतो. पण तिसरा चरण एवढा होऊ द्या, मग घालतो." त्याने सायकल झाडाला टेकविली, माझ्या शेजारी बसला आणि पाणी दिले. आम्ही तेथे किती वेळ होतो कोण जाणे. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. टेंपोवालाही खाली उतरून झाडाच्या सावलीत पडला. तिसरा चरण झाला. मी उठलो तो सायकलीकडेच गेलो. टेंपोचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही काढला नाही.

दोन वाजून गेल्यावर आम्ही महाबळेश्वरच्या शिवेवर पोहोचलो. जांभळीच्या झाडाखाली नऊ जण बसले होते. त्यांस येऊन सव्वा तास झाला होता. डबे पुढ्यात होते; कोणी एकाचेही झाकण उघडले नव्हते. पुतण्या नुसता म्हणाला, "आलात काका? चला, पानं वाढू या." चढणीवर संगतीचा काय उपयोग, या कालच्या प्रश्नाचे उत्तर त्या बंद डब्यांत होते. कोणी कोणाचे वजन उचलीत नाही. परंतु वर कोणी आपल्यावाचून जेवत नाही एवढे ठाऊक असले, म्हणजे आपले वजन आपल्याला उचलता येते.

जेवणानंतर क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गेलो. गोमुखातून पाणी पडत होते. काल सकाळी याच पाण्याचा एक ओघ मी वाईस डोळ्यांना लावला होता, आणि दुसऱ्याचा आवाज रात्री पोलादपुरास ऐकला होता. तेथे पायरीवर बसून म्होरक्याने ते सुभाषित चारही चरणांसह म्हणून दाखविले. शेवटच्या चरणात त्याने एक दीर्घ अक्षर ऱ्हस्व केले. तीस वर्षांची सवय माझ्या जिभेवर आली. मी ती आवरली नाही, कारण अशुद्ध म्हणू देणे हीही विद्यार्थ्याची उपेक्षाच. मी तो चरण पुन्हा म्हटला. त्याने म्हटला, पुन्हा चुकला. मी पुन्हा म्हटला. पाचव्या वेळी बरोबर आले. देवळाबाहेर मंडळी सायकलींपाशी उभी होती; घाई कोणालाच नव्हती.

पसरणीचा घाट मी त्याच्या पुढे, बाकीच्यांच्या मागे, ब्रेक दाबीत व सोडीत उतरलो. दिवेलागणीस घरी पोहोचलो. दारात सर्व घर उभे होते. वहिनींनी गुडघ्याची पट्टी पाहून कपाळास हात लावला. सौभाग्यवती दोन दिवसांनंतर प्रथमच बोलली. "आलात? पाणी तापवून ठेवलंय," एवढेच. आमच्यात याहून अधिक बोलण्याची रीत नाही.

वाचकांनी, विशेषतः माझ्या वयाच्या वाचकांनी, हे वाचून लगेच घाट चढावयास निघावे असे माझे म्हणणे नाही. प्रकृतीचा विचार करावा, आणि उतारावर तर फारच करावा. परंतु प्रत्येक मोठ्या घरात कोणी ना कोणी सर्वांच्या मागून येत असतो. एखादा मुलगा अभ्यासात, एखादी सून कामात, एखादा म्हातारा जिना चढण्यात. त्यास हाका मारून घाई करणारे पुष्कळ असतात. त्याच्याही मागे राहून चालणारा एखादा घरात असावा. आमचा नातू सध्या पाढ्यांत मागे आहे. रोज संध्याकाळी त्यास घेऊन मी अंगणात फेऱ्या घालतो. तेराच्या पाढ्याला आम्हांस पंधरा दिवस लागले. चौदाचा चालू आहे.